मातेच्या पेटीचं दहावं घर

आमच्या मरियामातेच्या मंडळाची मीटिंग अर्ध्या तासात संपते. मग चर्चच्या पायरीवर बसून जे किस्से रंगतात, त्यात दीड तास सहज जातो! त्यातले निम्मे सुभेदारकाकांचे.

मंडळाचा नियम साधा. मातेच्या मूर्तीची लाकडी पेटी एका घरी तीन दिवस, मग पुढच्या घरी. दहा घरं झाली की महिना भरतो. साताऱ्यात आम्ही तीन घरांवर सुरुवात केली, तेव्हा फादर म्हणाले, "ऑक्टोबरअखेर दहा घरं झाली तर पेटी तुमची. नाहीतर दुसऱ्या गावाला देतो."

पेटीचा चार्ज फौजेतून रिटायर झालेल्या काकांकडे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पेटी हलणार म्हणजे हलणार! एकदा माझ्याकडे रोझरीची प्रार्थना पाच मिनिटं लांबली, तर काका दारात घड्याळ बघत उभे. "टीचर, आई थांबंल, पुढचं घर थांबणार न्हाई!"

*

एक घर फलटणला होतं. काकांनी एसटीत पेटी खिडकीच्या सीटवर ठेवली. कंडक्टर म्हणाला, "पेटी मांडीवर घ्या की."

"पेटी न्हाई, आई हाय ती!"

कंडक्टरने वाकून बघितलं. "मग बायामाणसांना हाफ तिकीट!"

काकांनी ते खरंच काढलं. अजून मंडळाच्या घरांच्या वहीत चिकटवलेलं आहे.

*

चर्चमध्ये नवा चेहरा दिसला की काका वही घेऊन हजर. एमआयडीसीत नुकताच लागलेला एक इंजिनिअर घाबरून म्हणाला, "सर, मला अजून भाड्याची खोलीच मिळाली नाही."

"खोली आमी बघतो. तुमी सही करा!"

दोन दिवसांत खोली मिळाली. तेच आमचं नववं घर.

*

मंडळातल्या फिलोमिनामावशींकडे पेटी असताना त्यांना अचानक दवाखान्यात जावं लागलं, म्हणून पेटी शेजारच्या धोंडाबाईंकडे राहिली. काका आणि मी न्यायला गेलो तर पेटीसमोर नारळ, तांदूळ, खणाची ओटी!

काका गोंधळले. "बाई, हे काय केलं?"

"आवं, मांडीवर लेकरू घिऊन आल्याली बाई. रिकामी कशी लावून देऊ?"

काकांनी वहीत लिहिलं, "नारळ एक, खण एक. मातेसोबत रवाना."

मग धोंडाबाईंनी विचारलं, "मावशी सांगत व्हत्या, घरं कमी पडत्यात. किती?"

"एक. आनी चारच दिवस राह्यलं."

"मग तुमच्या घरी का न्हाई जात ती?"

मला काकांकडे बघवेना. काकू आजारी असताना त्यांनी मातेपुढे गुडघ्यावर बसून नऊ दिवसांची प्रार्थना, नोव्हेना केली होती. दहाव्या दिवशी काकू गेल्या. मंडळात सगळ्यांना हे ठाऊक होतं, पण विचारायची छाती कुणाचीच नव्हती.

"आमचं तिच्याशी बोलणं बंद हाय," काका म्हणाले. "ड्युटी येगळी."

"मग नका बोलू," म्हणत धोंडाबाईंनी पेटी त्यांच्या हातात दिली. "ठिवून तर घ्या!"

काकांनी वहीत दहाव्या ओळीवर स्वतःची सही केली.

तिसऱ्या दिवशी बरोबर सहाला मी पेटी न्यायला गेले. काकांनी दार अर्धंच उघडलं. डोळे लाल होते.

"टीचर, उद्या या. आमचं भांडण अजून मिटलं न्हाई."