जुने पत्ते मी पुसले नाहीत

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बहिणीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. ऐकताना मध्येच ‘जाऊ द्या, अक्का’ म्हणाल ना — तर माझा संतापच होईल. जाऊ दिलं म्हणूनच तर हे झालं.

माझं शिक्षण मॅट्रिक. जळगावात टायपिंगचा क्लास चालवता चालवता संगणकात शिरले, ठेचकाळत कर्नल लिहायला शिकले. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला प्रोग्राम, बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांना जागा देणारा. आमची छोटी कंपनी केळी पिकवायच्या बंद खोल्यांसाठी यंत्रं बनवते. खोली तापली की गार हवा सोडायची, एवढंच त्यांचं काम. पण आत सगळा पत्त्यांचा कारभार! प्रोग्राम एक पत्ता सांगतो, माहितीची खरी जागा वेगळीच असते, ती तक्त्यात शोधावी लागते. शोधण्यात वेळ जातो, म्हणून नुकतीच सापडलेली उत्तरं यंत्र हाताशी ठेवतं. मात्र माहिती दुसरीकडे हलली, की ते जुनं उत्तर पुसायचं. पुसायचंच. हा नियम मी स्वतः हाताखालच्या पोरींना फळ्यावर लिहून शिकवलाय.

आणि ते पुसणं मीच काढून टाकलं. कशासाठी? ऑफिसातली पोरं हसायची — “अक्का, तुमचा कर्नल म्हणजे भुसावळ पॅसेंजर!” झोंबलं मला. या वयात झोंबलं! पुसणं काढलं, तसं यंत्र पळायला लागलं. माझ्या टेबलावर काही बिघडलं नाही, कारण तिथे माहिती हलतच नव्हती. पोरांनी पेढे आणले. मी खाल्ले.

ते यंत्र धुळ्याला एका केळीच्या व्यापाऱ्याकडे दोन खोल्यांसाठी बसवलं. नाना म्हणतात त्यांना. तारा जोडल्या शकीलनं — तिथलाच वायरमन, नुकतंच स्वतःच्या नावाचं दुकान टाकलेला. केळी आत गेली आणि दुसरी खोली भट्टीसारखी तापली. पडद्यावर मात्र ती गारच दिसत होती. दार उघडलं तेव्हा आत काळा लगदा.

मला बोलावून घेतलं. मी पोचले, तर नाना सगळ्या हमालांसमोर शकीलवर ओरडत होते, “बठ्ठा माल सडी गया, आनि तू सांगस तार बरोबर शे?”

शकील माझ्याकडे वळला. “अक्का, तुम्ही तरी सांगा ना यांना.”

मला तोवर कळलं होतं का? कळलं होतं. पडदा पाहिला त्याच क्षणी. दुसऱ्या खोलीच्या नावापुढे पहिल्या खोलीचा आकडा — जुनं उत्तर, न पुसलेलं. माझं. आणि मी काय बोलले?

“तार बदलून बघू या.”

तार बदलायला यंत्र बंद केलं. तेवढ्यात मी लॅपटॉप जोडला आणि पुसणं गुपचूप परत घातलं. यंत्र सुरू झालं, आकडे जागेवर आले. “देख, तारच व्हती!” नाना म्हणाले. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि त्यांच्याकडचा चहा प्यायले.

भीती वाटली असेल, असं म्हणाल. कसली भीती? नोकरी जाणार नव्हती माझी. कुणी शिवी दिली नसती. ‘अक्का चुकल्या’ एवढे दोन शब्द मला ऐकायचे नव्हते — त्या दोन शब्दांपायी एका माणसाचं नाव मी चिखलात घातलं. केळीच्या धंद्यात कुणी त्याला पुन्हा दारात उभं केलं नाही. दुकान बंद झालं. तो सुरतेला कापडाच्या मागावर कामाला गेला. आणि मी? माझा सत्कार झाला. शाल पांघरून ‘प्रामाणिक कष्टांबद्दल’ बोलले. थू!

मागच्या उन्हाळ्यात धुळ्याच्या स्टँडवर तो भेटला. ईदसाठी गावी आला होता. केस पिकलेले. मला बघून पळत आला, पिशवी हातातून घेतली, गाडीत जागा धरून दिली. मग खिडकीशी उभा राहून हळूच म्हणाला, “अक्का, त्या वेळी माझ्याकडूनच काहीतरी चुकलं असेल. तुम्हाला उगाच त्रास झाला.”

इतक्या वर्षांत त्यानं ते स्वतःच मान्य करून टाकलं होतं. गाडी अजून उभी होती. माझं तोंड उघडं होतं.

“होतं रे असं,” मी म्हटलं. “मी कधीच मनात ठेवलं नाही.”

मी — त्याला — माफ केलं.