माठाखालची फळी

गोविंदराव गेल्याचं सांगायला त्यांची थोरली मुलगी मैलापुरातून स्वतः आली. "अप्पा तुमचं नाव फार काढायचे," असं ती म्हणाली आणि मला भरून यायच्या आधी राग आला... मेल्यावरही हा माणूस चांगुलपणात माझ्या एक पाऊल पुढेच. या गोष्टीला आता महिना होत आला.

मद्रासच्या एका प्रयोगशाळेत आम्ही सिमेंटमध्ये नारळाचा काथ्या घालून छपराच्या फळ्या करायचो. मी पुण्याचा एम.एस्सी., गोविंदराव तंजावरचे मॅट्रिक, माझे मदतनीस. फळ्यांतला काथ्या काही महिन्यांत कुजायचा. मी पुस्तकं चाळत बसलो आणि यांनी काथ्या चुन्याच्या निवळीत बुडवला, सुकवला, पुन्हा बुडवला... असं सात वेळा. धाग्याधाग्यावर पांढरा पातळ थर चढला. "भिंत रंगवताय का?" म्हणून मी नाक मुरडलं. त्यांच्या फळ्या टिकल्या आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखू लागलं.

मग मीही गुपचूप तेच करून पाहिलं. पण आमच्याकडे पापड-कुरडयांपासून सगळं उन्हात वाळतं, तसा काथ्या मी गच्चीवर कडक उन्हात पसरला. थराचे पोपडे उडाले. गोविंदरावांनी ते पाहिलं.

"वेयिलांत नको हो, उन्हानं थर फुटतो," ते हळूच म्हणाले. "सावलींत, ओल्या वाळूपाशी ठेवा. अस्कं बरं होईल." अस्कं म्हणजे सगळं, त्यांच्या तंजावरी मराठीत.

कुणाजवळ बोलले नाहीत. हसले असते तर मला सोपं गेलं असतं.

अहवाल मी लिहिला. 'प्रयोगशाळेत असे आढळले,' एवढंच त्यात घातलं. कुणाला आढळलं ते लिहिलं नाही. बढती मला मिळाली. गोविंदरावांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला, "बरवं लिहिलंत" म्हणाले आणि त्याच आठवड्यात एक फळी घरी आणून दिली, माठाखाली ठेवायला.

त्या दिवशी मुलगी निघताना त्या फळीकडे बघून थांबली. "ही अप्पांची ना?"

"त्यांचीच. ती युक्तीही त्यांचीच होती," मी म्हणालो. हे ज्यांनी ऐकायला हवं होतं, ते आता नव्हते.

फळी रोज भिजते. इतकी वर्षं रोज सकाळी माठ भरताना मी तिच्या कोपऱ्याला नख लावून पाहत आलोय, कुठेतरी भुसभुशीत लागेल म्हणून. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे गेले ते आणि खोड राहिली माझी. आज सकाळीही नख लावलं. फळी टणक आहे.