रोमहून कुंडलला आलेलं घमेलं

मी निघालो तेव्हा गावानं माझा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ आणि एक पुढारी एवढी सामग्री जमली की भाषण टळत नाही. ‘साता समुद्रापार कुंडलचा झेंडा रोवायला निघालेला सुपुत्र’ असा माझा उल्लेख झाला. खरं तर मी उत्तर फ्रान्समधल्या एका कारखान्यात बीटाची साखर कशी काढतात ते शिकायला आणि जमलंच तर तिथं नोकरी करायला चाललो होतो. भाषण रंगात आलं तशी आई उठली. “आवं, आवरा आता. एश्टी जाईल त्याची.” पुढाऱ्यांना इतक्या थोडक्यात गावात कुणी गप्प केलं नव्हतं.

एसटीत बसवताना आबा, म्हणजे वडील, म्हणाले, “करमलं न्हाई तर सरळ माघारी ये. सत्काराची लाज धरू नगंस. हार सांजच्याला सुकत्यात.” आबांचं निम्मं आयुष्य फौजेत गेलेलं. घर सोडणं काय असतं, हे त्यांना भाषणाशिवाय ठाऊक होतं.

ही पंच्याहत्तर सालची गोष्ट. आणि मला करमलं नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना हे सांगायला नको, जे गावी राहिले त्यांना सांगून पटणार नाही. फ्रान्समध्ये मला कुणी वाईट वागवलं नाही. खरं तर कुणी वागवलंच नाही. घरमालक लॅटिनचे निवृत्त मास्तर. जिन्यात भेटले की टोपी किंचित उचलायचे, ‘बोंजूर’ म्हणायचे आणि पुन्हा टोपीखाली जायचे. असे दोन महिने काढल्यावर मी ठरवलं, सोमवारी साहेबाला सांगायचं, मी परत चाललो.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, समोर अंतोनियोच्या घराचा स्लॅब टाकणं चाललं होतं. अंतोनियो पोर्तुगीज गवंडी. तो आणि त्याचे दोघे भाऊ एकेक ओझं घेऊन शिडी चढत होते, उतरत होते, पुन्हा चढत होते. मला खिडकीतून बघवेना. आपल्याकडे स्लॅब चालू असला की जाणारा माणूस थांबतो आणि ओळीत उभा राहतो. विचारायचं नसतं. विचारलं तर मालकाला वाटतं, याला टाळायचंय. मी त्याच हिशेबानं इस्त्रीच्या कपड्यांनिशी रस्ता ओलांडला, शिडीच्या मध्यावर चढलो आणि हात पुढं केले.

अंतोनियोला वाटलं, मी आवाजाची तक्रार करायला आलोय. मग वाटलं, काम मागायला आलोय. “काम नाही,” तो म्हणाला. मला येत होतं तेवढ्या फ्रेंचमध्ये मी म्हणालो, “द्या.”

त्यानं दिलं. माल हातोहात वर जाऊ लागला. शेजारचे दोघे गंमत बघायला आले, तेही ओळीत लागले. आपला भाडेकरू काय उद्योग करतोय ते पाहायला मास्तर टोपी घालून बाहेर पडले आणि नेमके रिकाम्या जागी उभे राहिले. त्यांच्या हातात भरलेलं घमेलं आलं. मागून दुसरं येतच होतं, त्यामुळे नको म्हणायला त्यांना सवडच मिळाली नाही.

अंतोनियो भावावर ओरडत होता, “गामेला! गामेला!” मी म्हणालो, “आमच्याकडेही हे घमेलंच.” तो हसला; त्याला वाटलं, मी नक्कल करतोय.

दुपारी त्याच्या बायकोनं सगळ्यांना मासे आणि बटाटे वाढले. शेजाऱ्यानं आपला जेवणाचा डबा पुढं केला. फ्रेंच त्याला ‘गामेल’ म्हणतात. मग मिशीला सिमेंट लागलेले मास्तर बोलायला लागले, ते थांबेचनात. मूळ लॅटिन शब्द ‘कामेल्ला’, जुन्या रोममध्ये धनगरांच्या देवीपुढं दूध ठेवायचं लाकडी भांडं. पोर्तुगालात त्यात डुकरांचं खाणं पडलं, इटलीत शिपायाचं जेवण. “त्याच्याही आधीचं मूळ?” मी विचारलं. “ते नक्की कुणालाच ठाऊक नाही,” मास्तर म्हणाले, आणि मला पहिल्यांदाच ते आवडले.

पुढचा प्रवास मी सांगितला. हाच शब्द पोर्तुगीज गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला, घाट चढला आणि खडी-वाळूच्या कामाला लागला. देवीच्या दुधापासून सिमेंटपर्यंत. याला बढती म्हणायचं की घसरण, ते पुढारी ठरवतील. त्याचा सत्कार कुणी केला नाही, म्हणूनच बहुधा तो इतका मुरला. आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, “गप रं. आपलंच हाय ते.” आणि तेही खरंच आहे.

सोमवारी साहेबाकडे गेलो आणि पुढच्या शनिवारची सुट्टी मागितली. अंतोनियोच्या वरच्या मजल्याची भिंत व्हायची होती.

पाच-सहा वर्षांनी एका उन्हाळ्यात कुंडलला आलो, तर चुलतभावाच्या घराचा स्लॅब टाकणं चाललं होतं. मी ओळीत शिरलो. लोकांनी मला धरून बाहेर काढलं, सावलीत खुर्ची टाकली, हातात सरबत दिलं. “तुमी पाव्हणं, कापडं खराब व्हतील.” मी बसलो. आपण ज्या गावाला घर म्हणत होतो तिथं आपल्याला खुर्ची मिळाली, हे सरबताबरोबर गिळायला जड गेलं.

तेवढ्यात ओळीतून आबांनी वळून पाहिलं.

“आरं, बसलायस काय? धर की!”

मी सरबत खाली ठेवलं.