पंपाखालची ऊब

"तुमी पंप बांधून ठेवलात म्हणून भांडी काय आपसूक घासली जातात?" देवकीने हातातला टोप आपटला. "दोन कळशा काढल्या. दोनच!"

"कधी?" बाबली गावसने विचारलं.

"गेल्या रविवारी. तुमी वाळपईला गेलेलात."

"दोन कुठल्या गो आई?" गौरवी स्वयंपाकघरातून म्हणाली. "आख्खी पडवी धुतली आपण. वीस तरी असतील."

"तुका कोणी विचारलं?" देवकी लेकीवर उखडली.

बाबली ओसरीवर टेकला. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, त्याने पंपाच्या नळीशेजारून तार खाली सोडून आकडे लिहून ठेवले होते.

डिचोलीच्या खाणीवर बाबलीने पंचवीस वर्षं ड्रिलिंग मशीन चालवलं. खालून निघालेला दगड बाकीचे डोळ्यांनी बघायचे. बाबली तो गालाला लावायचा. लोखंडाचा दगड झटकन गार लागतो, कारण तो ऊब ओढून घेतो. मातकट दगड तेवढी ओढत नाही, असं त्याचं सांगणं. गोवा राज्य झालं त्या वर्षी पणजीहून केरकर साहेब आले. जमिनीच्या पोटातली ऊब कुठे किती वर येते, त्याचा नकाशा त्यांना करायचा होता. बाबलीची ही गालाची परीक्षा बघून ते हसले नाहीत. त्यांनी त्याला कामावरच घेतलं.

तेव्हापासून पेडणे ते डिचोली, जिथे जुनी बोअर असेल तिथे बाबली जायचा. तारेला बांधलेला तापमापक खाली सोडायचा. दर दहा मीटरला आकडा, खाली दगड कुठला, वर डोंगर की शेत, नदी किती लांब, सगळं लिहायचा. अट एकच, आधी तीन दिवस पाणी हलता कामा नये. पाणी उपसलं की खालचं-वरचं एक होतं आणि आकडे खोटे येतात. सगळ्यांत खोल बोअर त्याच्याच परसात होती. खाणवाल्यांनी पाडून सोडलेली, वर हातपंप बसवलेली. पंपाचा दांडा त्याने सुंभाने बांधला होता.

"परत बांधूया," तो म्हणाला. "शुक्रवारी सकाळी आकडे घेतो. साहेब दुपारी कागद नेतील."

"शनिवारी चवथ, गणपती बसायचे! पेडण्याचे पाहुणे शुक्रवारीच येतात. पाणी खंयचां आणू? यशोदेच्या विहिरीचं?"

यशोदा देवकीची जाऊ. कुंपण सरकवल्यावरून दोघींचं वर्षभर बोलणं नव्हतं.

बाबलीने पेटीतून सोमवारचा कागद काढला. 'पाणी तीन दिवस स्थिर होते काय?' याच्यापुढे त्याने 'होय' लिहिलं होतं. खाली सही. पंचवीस वर्षं मजुरीसाठी अंगठा उठवायच्या रांगेत उभा राहिलेल्या माणसाने साक्षरतेच्या वर्गात गिरवून शिकलेली सही.

"काय करता?" देवकीने विचारलं.

"'होय' खोडतो. 'नाही' लिहितो."

"मग?"

"मग ही बोअर नकाशात घेणार नाहीत. दुसरं काय."

तो पेनाचं टोपण काढू लागला. देवकीने त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं. मग तिने कागद ओढून घेतला आणि पेटीत टाकला. पदराला हात पुसत दारात उभी राहिली.

"गौरवी, ऐक. उद्यापासून शुक्रवार सकाळपर्यंत पंपाला कोणी हात लावायचा नाही. पाणी यशोदेच्या विहिरीवरून येईल. तिला सांगायला मी जाते."