उघड्या कोंबड्या

आमच्या रोह्याच्या घरामागे राहणाऱ्या काकी माणसांशी कुजबुजत बोलतात आणि कोंबड्यांशी मोठ्याने. थंडी पडली की त्यांच्या कोंबड्या जुनी पिसं झाडतात. मग काकी खुराड्याला गोणपाट बांधतात, खाली कोरडा पेंढा घालतात आणि त्यांना सुकटीचा चुरा चारतात. "नवी पिसं फुटताना उचलायचं नाय गो, दुखतं त्यांना," असं मला बजावतात. बोलताना नजर मात्र सारखी रस्त्याकडे असते.

यंदा कुठेतरी कोंबड्यांमध्ये रोग आल्याची बातमी पसरली. काकींच्या उघड्याबोडक्या कोंबड्या पाहून शेजारी जमले. "मारून टाका, आमच्या घरात पोरं हायत!" एकजण ओरडला. माझी लेक तापाने फणफणली होती. मीही घाबरून मागे सरले.

काकी खुराड्याच्या दाराला पाठ लावून बसल्या. "मागच्या साथीच्या येळला माझ्या कोंबड्या जित्याच पोत्यात भरून नेल्या. आता मला पण भरा," म्हणाल्या.

गुरांचे डॉक्टर आले. त्यांच्याकडे पोतं नाही हे नीट बघूनच काकींनी दार उघडलं. डॉक्टरांनी सगळ्या कोंबड्या तपासल्या. "रोग नाही, पिसं बदलतायत," ते म्हणाले, तशी माणसं पांगली.

काकी पुन्हा दाराशी बसल्या. मी चहा घेऊन गेले.

"गेले सगळे, काकी."

त्यांनी कप घेतला नाही. "तू पण जा गो," त्या म्हणाल्या.