एसीचा गॅस टिकेना

ऐन मे महिन्यात गाडीचा एसी गेला. मोहोपाड्याच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. कर्जतहून रोज जाऊन येऊन असते. परतताना गाडीची भट्टी व्हायची.

मी गाडी गॅरेजला टाकणार, तर वडील आडवे आले. भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये त्यांचा जन्म गेला. "गॅस तर भरायचा हाय. घरी भरू गं."

मी गॅसचा डबा, नळी आणि मीटर मागवलं. अंगणात गाडी चालू ठेवून, एसी फुल करून नळी जाड पाइपाला जोडली. मोतीबिंदूमुळे वडिलांना काटा दिसत नव्हता, तरी "बस, जास्ती नको" चाललंच होतं. हवा गार झाली. तिसऱ्या दिवशी खालापूरजवळ पुन्हा तोंडावर गरम वारा.

दुसरा डबाही चार दिवसांत संपला.

"नळी काढताना तू घाई करतेस," वडील म्हणाले.

मी दिवसभर उकडून आले होते. ओरडलेच, "तुम्हाला दिसत नाही, ते आधी कबूल करा! कुठून गळतंय तेच कळत नाही, आणि माझ्या नावाने बोलताय!"

ते उठून आत गेले. जेवताना भातावर आमटी मी वाढली, ती त्यांनी घेतली.

सकाळी बघते तर वडील गाडीपुढे पाट टाकून बसलेले. बंपरच्या फटीतून हात आत घालून, रेडिएटरच्या पुढच्या कंडेन्सरची, म्हणजे एसीचा गॅस जिच्यातून फिरतो ती जाळी बोटांनी चाचपत होते.

"इथं तेलकट लागतंय. गॅसबरोबर तेल येतं. साबणाचं पाणी आण."

मी ब्रशने पाणी लावलं. त्यांच्या बोटाशेजारी बारीक बुडबुडे येऊ लागले. दगड लागून जाळीला भोक पडलं होतं. त्याच जाळीवर मी दोनदा टॉर्च मारला होता. मला राग आला, त्यांचा नाही, माझाच.

नवा कंडेन्सर आणला. बंपर उतरवण्यात अख्खा रविवार गेला. एक गंजका बोल्ट तुटला, माझी नखं तुटली. संध्याकाळी फ्रिज दुरुस्त करणारा कडावचा एकजण, वडिलांच्या ओळखीचा, व्हॅक्यूम पंप घेऊन आला. "काका, आतली हवा काढल्याबिगर गॅस भरायचा नाय," असं त्याने म्हणताच वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं होतं. एकदाही सांगितलं नव्हतं.

एसी मस्त गार झाला. मी वडिलांना शेजारी बसवून फेरी मारायला निघाले. गावाबाहेरच्या पुलापर्यंतही पोचलो नसू.

"बंद कर गं," ते म्हणाले. "गारठ्याने गुडघे धरले. काच खाली घे."

मी दात आवळून एसी बंद केला.