मोगली एरंडाचं कुंपण

निर्मळ गावात माझ्या आत्याची केळीची वाडी होती. भारनियमनाच्या दिवसांत विहिरीवरचा विजेचा पंप बंद पडे, मग आत्या डिझेलचं इंजिन लावायची. सगळ्या वाडीत धूर भरायचा आणि ती पदर नाकाला लावून पाणी सोडत फिरायची.

मी तेव्हा जवळच्याच एव्हरशाईन वसाहतीत नवा फ्लॅट घेतला होता. मोगली एरंडाच्या बियांपासून डिझेल होतं, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. एका रोपवाटिकेतून मी साठ रोपं आणली आणि आत्याला म्हणालो, "जास्वंदीचं कुंपण काढ. हे लाव. उद्या तुझं इंजिन याच तेलावर चालेल. धूर कमी."

"गुरं खातील ना?"

"तोंडसुद्धा लावणार नाहीत."

गुरं का तोंड लावत नाहीत, ते मी सांगितलं नाही. बी विषारी असतं, हे रोपवाटिकेतल्या माणसाने मला दोनदा बजावलं होतं. पण शेजारच्या आजीची लहान नात दिवसभर आत्याच्या अंगणात असायची. विष म्हटलं असतं तर आत्याने रोपं दारातूनच परत पाठवली असती.

तिसऱ्या वर्षी कुंपण फळांनी लगडलं. मी रविवारी पिशवी घेऊन बिया गोळा करायला गेलो, तर आत्याच्या ओटीवर माणसं जमलेली. शेजारच्या नातीने बिया फोडून खाल्ल्या होत्या. शेंगदाण्यासारख्या लागल्या म्हणे. सकाळपासून उलट्या, जुलाब. पोरीला दवाखान्यात सलाईन लावलं होतं.

तिची आजी आत्यासमोर उभी होती. चाळीस वर्षांची त्यांची मैत्री.

"हे विषारी आहे, तुला ठाऊक होतं?" तिने विचारलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. मी बोलायला हवं होतं. रिकामी पिशवी माझ्या हातात होती, तिची मी घडी घालत राहिलो.

"माझ्या अंगणात झालं," आत्या म्हणाली, "म्हणजे चूक माझीच."

पोरगी दोन दिवसांत बरी झाली, पण आजीने आत्याकडे येणं सोडलं. फुलं वेचायला दोघी सकाळी एकत्र जायच्या, तेही बंद झालं. पुढच्या रविवारी आत्या आणि मी सगळं कुंपण मुळासकट खणून काढलं. दिवसभरात तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

पुढे ऑफिसात बायोडिझेलचा विषय निघाला की मी अजूनही त्याच्या बाजूनेच बोलायचो. ते खोटं नव्हतं. झाडाचा काय दोष? पण बोलता बोलता माझा आवाज उगाच चढायचा.

पाच-सहा वर्षांनी एकदा आत्या ओटीवर केळीची पानं पुसत बसली होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. तिचा हात थांबला नाही.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावरूनच कळलं होतं त्या दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले रे. तिच्यासमोर."

मी लगेच उठलो आणि शेजारी गेलो. सुनेने दार उघडलं. आजी आत खाटेवर होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, पण मी कोण, हे तिला आता ओळखू येत नव्हतं.